तिसरी खुर्ची

पोलीस ठाण्यातलं टेबल तुम्ही पाहिलं असेलच. पासपोर्टचं व्हेरिफिकेशन म्हणा, हरवलेला मोबाईल म्हणा, आपल्यासारख्यांची ठाण्याशी ओळख साधारण एवढीच. टेबलाच्या एका बाजूला ठाणे अंमलदार, दुसऱ्या बाजूला तक्रार द्यायला आलेला माणूस. दोन खुर्च्या. मोबाईल हरवला असेल तर दोन खुर्च्या पुरतात.

पण लैंगिक अत्याचार झालेली बाई त्या समोरच्या खुर्चीत येऊन बसते तेव्हा? तिच्या बाजूचं कुणीतरी तिसरं तिथे असावं की नाही, ही वरवर साधी दिसणारी गोष्ट ठरवायला आपल्याकडे कित्येक दशकं गेली. आणि कागदावर ठरल्यावरही ती खुर्ची बऱ्याच ठिकाणी रिकामीच आहे. आज या तिसऱ्या खुर्चीचा इतिहास सांगायचाय. मी मूळचा मालवणचा, राहतो पुण्यात, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. वकील नाही, पोलीसही नाही. गेले काही विकांत जुने निकाल आणि अहवाल वाचत होतो, त्यातून जे हाती लागलं ते असं.

सुरुवात विदर्भात होते. २६ मार्च १९७२, देसाईगंज. तिकडच्या लोकांना वडसा म्हटलं की पटकन कळेल. तेव्हा हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं, गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. एक आदिवासी मुलगी, आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी, वय चौदा ते सोळाच्या मधलं. तिला एका घरातल्या लोकांनी पळवलंय अशी तक्रार तिच्या भावानेच दिलेली. चौकशीसाठी सगळ्यांना रात्री ठाण्यात आणलं. हवालदाराने जबाब घेतले आणि साडेदहाच्या सुमारास तो घरी गेला. बाकीचे निघाले. मुलीला मात्र ठाण्यातल्या शिपायाने थांबवून घेतलं. दार आतून लागलं, दिवे विझले. पुढचं मी लिहीत नाही, ते निकालपत्रात आहे.

बाहेर तिची माणसं वाट बघत होती. त्यांनी हाका मारल्या, आरडाओरडा केला, बघता बघता गर्दी जमली. घरी गेलेल्या हवालदाराला परत बोलावून आणलं. तोपर्यंत जमाव बिथरला होता, ठाणं जाळण्याची भाषा सुरू झाली होती. हवालदाराने लोकांना शांत करून पांगवलं आणि मग त्या मुलीचा जबाब लिहून घेतला. तोच एफआयआर. म्हणजे बघा, ज्या इमारतीत गुन्हा झाला त्याच इमारतीत तो नोंदला गेला, आणि नोंदला गेला तो बाहेर गर्दी होती म्हणून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठला. मधे जवळजवळ एक पूर्ण दिवस गेलेला. अंगावर जखमा नाहीत, असा अहवाल आला.

१ जून १९७४ ला चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपी हवालदार आणि शिपाई, दोघांनाही सोडलं. मुलीला आधीचा शरीरसंबंधांचा अनुभव आहे, ती खोटं बोलतेय, असा एकूण सूर. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ ला हा निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. शिपायाला पाच वर्षं, हवालदाराला एक वर्ष शिक्षा झाली. मग १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने तोही निकाल फिरवला आणि दोघं पुन्हा सुटले. कारणं काय, तर अंगावर जखमा नाहीत आणि तिने ओरडून विरोध केल्याचं दिसत नाही.

या प्रकरणाचं अधिकृत नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. पण कायद्याच्या वर्गात, लेखांत, भाषणांत ते ओळखलं जातं त्या मुलीच्या नावाने. अत्याचार झालेल्या बाईचं नाव छापणं गुन्हा आहे असं कलम आपल्याकडे १९८३ साली आलं, ते ह्याच प्रकरणातून उठलेल्या चळवळीमुळे. ज्या मुलीमुळे इतरांची नावं झाकली गेली तिचं स्वतःचं नाव मात्र उघडंच राहिलं. म्हणून मी ते इथे घेत नाही, देसाईगंज प्रकरण म्हणतो.

आता एक चमत्कारिक योगायोग. त्याच वर्षी, म्हणजे एप्रिल १९७८ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात एक निकाल दिला होता. सत्पथी ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. त्यांना चौकशीसाठी पोलीस ठाण्यात हजर राहायला सांगितलं होतं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी खडसावून सांगितलं की बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या जागी जाऊन विचारपूस करायची, असा १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतला नियम आहे. पाच महिन्यांनी देसाईगंजचा निकाल आला. त्यात पोरसवदा मुलीला रात्री ठाण्यात का ठेवलं याबद्दल निषेधाचा शब्द नाही. आता घटना १९७२ ची, नियम १९७३ चा, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या तो नियम तिला लागू नव्हता हे मान्य. पण निदान नापसंती नोंदवायला कुणाची हरकत होती?

हाच प्रश्न कायद्याच्या चार प्राध्यापकांना पडला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. त्यांनी १६ सप्टेंबर १९७९ ला सरन्यायाधीशांना एक उघडं पत्र लिहिलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ते पत्र व्हायरल झालं, तेही फोटोकॉपी आणि टपालाच्या जमान्यात. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्च १९८० ला वेगवेगळ्या शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. खटला पुन्हा उघडला नाही तो नाहीच. पण सरकारला कायदा बदलायला घ्यावा लागला.

इथपर्यंतची कथा बऱ्याच जणांना माहीत असते. मला जे वाचून खरोखर धक्का बसला ते याच्या पुढचं.

एप्रिल १९८० मध्ये विधी आयोगाने आपला ८४ वा अहवाल दिला. विषय हाच, बलात्काराचा कायदा. आयोगाने दोन प्रकारच्या शिफारशी केल्या. पहिला प्रकार कोर्टाच्या आतला : संमती म्हणजे काय, पुरावा कसा बघायचा वगैरे. दुसरा प्रकार कोर्टाच्या कितीतरी आधीचा, थेट ठाण्यातल्या टेबलाचा. बाईला रात्री अटक करू नये. तिचा जबाब घेताना नातेवाईक, मैत्रीण किंवा महिला संघटनेची प्रतिनिधी हजर असावी. आणि तक्रार नोंदवायला नकार देणं हा पोलिसाचा गुन्हा मानावा.

ही तिसरी खुर्ची. १९८० साली, सरकारी अहवालात, काळ्यावर पांढरं.

मग सरकारने विधेयक आणलं. त्यात पहिल्या प्रकारातलं बरंच काही आलं, दुसऱ्या प्रकारातलं गळलं. १९८३ साली कायदा झाला. कोठडीतल्या बलात्कारासाठी किमान दहा वर्षं शिक्षा आली. अशा प्रकरणात बाई 'संमती नव्हती' म्हणाली तर कोर्टाने ते खरं धरून चालावं अशी तरतूद आली. बंद दाराआड सुनावणी आली, नाव न छापण्याचं कलम आलं. मोठे बदल होते, त्यांची किंमत कमी करायची नाही. पण देसाईगंजच्या त्या रात्री ठाण्यात जे घडलं, त्या जागेला कुणी हातच लावला नाही.

आमच्या धंद्यात याला एक ओळखीचा प्रकार आहे. डेटा आत येतानाच चुकीचा येतोय, आणि आपण महिनोन् महिने रिपोर्टची स्क्रीन सुधारत बसलोय. कोर्ट म्हणजे रिपोर्टची स्क्रीन. तिथे जे दिसणार ते पहिल्या काही तासांत काय लिहिलं गेलं, कपडे जपून ठेवले की धुतले गेले, तपासणी कधी झाली, यावर ठरतं. जबाबातलं एक वाक्य हवालदाराने स्वतःच्या शब्दांत 'नीट' करून लिहिलं, तर दोन वर्षांनी उलटतपासणीत आरोपीचा वकील त्याच वाक्यावर बोट ठेवतो : तेव्हा असं म्हणालात, आज असं म्हणता. मग कायदा कितीही कडक असो, शिक्षा फाशीची ठेवा नाहीतर जन्मठेपेची, काय फरक पडतो?

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडेच असं. तर नाही. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने थेम्स व्हॅली पोलिसांवरच्या एका माहितीपटाचा भाग दाखवला. बलात्काराची तक्रार घेऊन आलेली एक बाई आणि समोर तिला धारेवर धरणारे पोलीस अधिकारी. तिच्यावर कुणी विश्वासच ठेवायला तयार नाही. लोकांनी ते घरात बसून पाहिलं आणि गदारोळ झाला. त्यानंतर तिथे महिला अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण, ठाण्याबाहेर वेगळ्या खोल्या हे सुरू झालं. १९८६ साली मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात असं केंद्र निघालं, की जिथे डॉक्टर, समुपदेशक आणि पोलीस तिच्याकडे येतात, ती वणवण करत नाही. फरक एवढाच, की त्यांनी खोली बदलली आणि आपण कलम बदललं.

पण आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. सरकारने गाळलेली खुर्ची एका कॉलेजने आणून ठेवली, असं म्हणता येईल. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी एक विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती. समाजकार्य शिकलेली बाई पोलिसांच्या इमारतीत बसेल, पण ती पोलीस नसेल. पगार, वर्दी, बढती, बदली यांतलं काहीच पोलीस खात्याच्या हातात नाही. त्यामुळे तक्रारदाराच्या बाजूने उभं राहताना तिला साहेबांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. कक्षाकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी घरातल्या मारहाणीच्या, छळाच्या. पण पोलिसांच्या छताखाली बाहेरचा माणूस बसू शकतो आणि त्याने आभाळ कोसळत नाही, हे तिथे सिद्ध झालं. पुढे २००० नंतर हे कक्ष राज्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत गेले आणि राज्य सरकारच्या महिला व बालविकास विभागाने ते आपले म्हटले.

नंतरचा प्रवास मी भरभर सांगतो, नाहीतर कलमांची यादी होईल.

१९९४ साली दिल्लीतल्या घरकामगार महिलांच्या एका संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा प्रकरणात बाईला ठाण्यातच वकील मिळायला हवा. तसा तिचा हक्क आहे हे प्रश्न विचारण्याआधी पोलिसांनी तिला सांगायचं, आणि अशा वकिलांची यादी ठाण्यात ठेवायची. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास 'दिलासा' केंद्र सुरू झालं, महापालिका आणि 'सेहत' ही संस्था मिळून. ती खुर्ची दवाखान्यातली. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत वाक्य आलं की बलात्काराच्या प्रकरणात जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, पालक, जवळचे नातेवाईक किंवा त्या परिसरातल्या समाजसेवकाच्या उपस्थितीत घ्यायचा. विधी आयोगाने सांगितल्यावर २९ वर्षांनी! २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांसाठी 'सपोर्ट पर्सन' आणला, म्हणजे तक्रारीपासून निकालापर्यंत मुलासोबत असणारा माणूस. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने २९ दिवसांत अहवाल दिला. त्यातून २०१३ साली, तक्रार न नोंदवणाऱ्या पोलिसाला किमान सहा महिने सक्तमजुरी असं कलम आलं. ही १९८० सालची तिसरी शिफारस, ३३ वर्षांनी. त्याच वर्षी महाराष्ट्रात आर्थिक मदतीची 'मनोधैर्य' योजना सुरू झाली. नागपूर पोलिसांनी २०१७ साली 'भरोसा सेल' काढला, एका छताखाली समुपदेशक, वकील आणि पोलीस. १ जुलै २०२४ ला जुने कायदे जाऊन नवीन संहिता आल्या, त्यांत ही सगळी कलमं नव्या क्रमांकांनी शाबूत आहेत.

म्हणजे कागद चांगला आहे. अगदी उत्तम आहे.

आणि त्यानंतर दीड महिन्याने बदलापूर झालं. ऑगस्ट २०२४. शाळेतल्या चार वर्षांच्या आसपासच्या मुली. त्यांचे पालक ठाण्यात गेले आणि गुन्हा नोंदवून घ्यायला बारा तासांच्या आसपास गेले, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले, लोकल बंद पडल्या. मग चक्रं फिरली. पोलीस अधिकारी निलंबित झाले, विशेष तपास पथक नेमलं गेलं, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांची कानउघाडणी केली. २३ सप्टेंबरला मुख्य आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेला, त्यामुळे त्याच्यावरचा खटलाच उरला नाही.

देसाईगंजची गर्दी आठवली? १९७२ ते २०२४, बावन्न वर्षं. मधे किमान अर्धा डझन कायदे. आणि ठाण्यातलं टेबल हललं ते दोन्ही वेळा बाहेर जमाव आला म्हणून. गर्दीने वेग येतो हे खरं. पण गर्दीला न्याय नको असतो, निकाल हवा असतो, आणि तोही आज संध्याकाळपर्यंत. शिवाय गर्दी प्रत्येकीच्या नशिबी नसते. ज्या गोष्टीची गर्दीत वाच्यता होऊ नये म्हणून बाई जिवाचा आटापिटा करते, त्या गोष्टीसाठी गर्दी जमवणार कशी?

हा प्रश्न मला मालवणमुळे जास्त टोचतो.

सिंधुदुर्ग जिल्हा तसा शांत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत, म्हणजे पुण्याच्या एखाद-दोन उपनगरांएवढी. दर हजार पुरुषांमागे १०३६ बायका, कारण बाप्ये मुंबईला. घरात सासू, सून, मुलं, आणि निर्णय मुंबईहून फोनवर. आता त्यात नव्या गोष्टींची भर पडलीय. तारकर्ली-देवबागला पर्यटन वाढलं, होमस्टेमध्ये, हॉटेलात कामाला बायका जातात. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडच्या पोरी रोज गोव्यात नोकरीला जातात. देवगडच्या आंबा बागांत नेपाळहून आलेली कुटुंबं राहतात, बोटींवर बाहेरचे खलाशी असतात. त्यांच्यापैकी कुणावर प्रसंग आला तर?

समजा गोव्याच्या हद्दीत काही घडलं आणि मुलगी घरी बांद्याला आली. 'हद्द आमची नाही' असं म्हणून तिला परत पाठवता येत नाही, 'झिरो एफआयआर' कुठल्याही ठाण्यात होतो. हे तिला माहीत असायला हवं आणि टेबलापलीकडच्या माणसालाही. समजा मालवणात घडलं. पोलीस अधीक्षक कार्यालय, जिल्हा रुग्णालय, जिल्हा न्यायालय, सगळं ओरसला. कसालमार्गे तासाभराचा रस्ता. रात्रीच्या वेळी ही वाट ती कशी आणि कुणाबरोबर कापणार?

पण अंतरापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. शहरात बाईला भीती असते की ठाण्यात आपल्याला कुणी ओळखत नाही. गावात भीती उलटी, ठाण्यात सगळेच ओळखतात. बाजारातून ठाण्याकडे वळलात की दोन दुकानांतून तरी हाक येते, 'खंय चललंस गो?' ही हाक प्रेमाचीच असते. पण त्या दिवशी तिला उत्तर काय द्यायचं?

मागे गावी गेलो होतो तेव्हा मावशीशी यावर बोललो. ती आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिला या गोष्टी माझ्यापेक्षा जास्त कळतात. जबाबाच्या वेळी समाजसेवक हजर ठेवायची तरतूद आहे, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. ती म्हणाली, "तां खरां रे बाबा. पण थंय बसतला कोण? वळखीचां मानूस बसलां तर सांजेक सगळ्या बाजारात जातलां."

कायद्यातले शब्द परत बघा : 'त्या परिसरातला समाजसेवक'. मुंबईत या शब्दांनी काही बिघडत नाही. मालवणात 'परिसर' हीच तर अडचण आहे. परिसरातला समाजसेवक म्हणजे कुणाचा तरी काका, कुणाच्या तरी पार्टीचा कार्यकर्ता, आरोपीच्या वाडीतला नाहीतर तिच्या. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शहर होतं. खुर्ची ठेवा म्हणून सांगून झालं, पण त्यात बसणाऱ्याची नेमणूक, पगार, प्रशिक्षण, गुप्ततेची हमी यांचा पत्ता नाही. 'शक्यतो', 'उपलब्ध असल्यास' हे शब्द ज्या कलमात येतात ते कलम लहान गावात हमखास लंगडतं, कारण लहान गावात काहीच उपलब्ध नसतं.

मग करायचं काय? मला दोन गोष्टी सुचतात, दोन्ही कुठेतरी करून पाहिलेल्या.

पहिली गोष्ट १९८४ च्या मुंबईतली. खुर्चीत बसणारी व्यक्ती पगारी हवी, प्रशिक्षित हवी, पोलीस खात्याबाहेरची हवी, आणि आपल्याकडे आणखी एक अट : शक्यतो दुसऱ्या तालुक्यातली हवी. मालवणच्या जबाबाला कुडाळची बाई, सावंतवाडीच्या जबाबाला कणकवलीची. जिल्ह्यात डझनभर तर ठाणी. चार-पाच जणींचा गट फोनवर तयार राहिला तरी पुरेल. आयटीत आपण ऑन-कॉल ड्युटी लावतोच की, मध्यरात्री सर्व्हर पडला तर माणूस उठतो. इथे तर माणूस पडलेलं असतं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची, आणि ती वाचून मी अक्षरशः खुर्चीत सरसावून बसलो. १९९९ साली तिथल्या 'इन्क्वायरर' या वर्तमानपत्राने उघडकीला आणलं की पोलिसांचा लैंगिक गुन्ह्यांचा विभाग वर्षानुवर्षं नकोशा तक्रारी एका वेगळ्याच कोडखाली टाकत होता : '२७०१, व्यक्तीची चौकशी'. या कोडला गुन्हा समजत नसत. त्यामुळे आकडेवारी झकास दिसायची आणि तक्रार कपाटात जायची. बोभाटा झाल्यावर पोलीस आयुक्त जॉन टिमनी यांनी जुन्या तक्रारी पुन्हा तपासायला लावल्या. शिवाय एक अफलातून निर्णय घेतला. महिला संघटनांच्या वकिलांना आणि कार्यकर्त्यांना बोलावून सांगितलं, दर वर्षी या, आमच्या फायली उघडा आणि वाचा. कुठली तक्रार खोटी ठरवली, का ठरवली, साक्षीदाराला विचारलं का, बाईला आरोपीसारखे प्रश्न विचारले का. तेव्हापासून तिथे दर वर्षी बाहेरचे लोक बसून पोलिसांच्या फायली वाचतात.

हा आपला कोड रिव्ह्यू आहे हो! माझा कोड दुसरा कुणीतरी वाचणार आहे हे माहीत असलं की मी तो लिहितानाच नीट लिहितो. त्यात माझा अपमान नसतो. तसंच हवालदाराचंही. ही फाईल मार्चमध्ये कुणीतरी बाहेरचा वाचणार आहे, एवढं माहीत असलं तरी जबाबाचं वाक्य लिहिताना पेन जरा सावध होईल.

महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस कोर्टाकडे 'समरी' मागतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ए, तक्रार खोटी वाटली तर बी, गैरसमजातून झाली वगैरे असेल तर सी. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात वर्षभरातल्या लैंगिक अत्याचाराच्या सगळ्या फायली, बी समरीवाल्या आधी, नावं झाकून बाहेरच्या जिल्ह्यातल्या तीन-चार जाणत्या माणसांनी वाचायच्या म्हटल्या तर कितीसा वेळ लागेल? फिलाडेल्फियासारखा डोंगर इथे नाही. एक निवृत्त न्यायाधीश, एक न्यायवैद्यकशास्त्र जाणणारी डॉक्टर, एक समाजकार्याची प्राध्यापक. ओरसला दोन-तीन दिवस बसले की झालं. लहान जिल्ह्याचा तोटा म्हणजे सगळे सगळ्यांना ओळखतात. फायदा हा, की सगळंच्या सगळं तपासता येतं, नमुना काढावा लागत नाही. असा प्रयोग करायचा तर मुंबई-पुण्यापेक्षा सिंधुदुर्ग जास्त सोयीचा.

यात पोलिसांना खलनायक ठरवायचा माझा हेतू नाही. रात्रपाळीतला हवालदार बारा-बारा तास राबतो, बंदोबस्त, गणपती, व्हीआयपी दौरे सांभाळून तपास करतो, आणि रडणाऱ्या माणसाशी कसं बोलावं हे शिकवायला त्याला फारसं कुणी बसवलेलं नसतं. तिसरी खुर्ची त्याच्याही उपयोगाची आहे. जबाब पहिल्याच वेळी नीट झाला की कोर्टात तो त्याचाच पुरावा म्हणून टिकतो.

तोवर, आत्ता, आज जे हातात आहे ते मात्र पाठ करून ठेवा, कारण वेळ आली की शोधायला सुचत नाही. तातडीने पोलीस हवे तर ११२. महिला हेल्पलाईन १८१, मुलांसाठी १०९८. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. बाईला तो मिळताना उत्पन्नाची अट नाही. दवाखाना आधी गाठला तरी चालतं, पोलिसांचं पत्र नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि ते मोफत असतात. जबाब घरी द्यायचा हक्क आहे. जबाबाच्या वेळी आपलं माणूस सोबत ठेवता येतं. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

आणि कधी एखादी मैत्रीण, सहकारी, घरी कामाला येणारी बाई म्हणाली की ठाण्यात जायचंय पण एकटीने धीर होत नाही, तर तिला फोन नंबर फॉरवर्ड करून थांबू नका. सोबत जा. आत गेल्यावर तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. नको तिथे बोलू नका, नुसतं ऐका. लिहिलेला जबाब तिला वाचून दाखवल्याशिवाय तिला सही करू देऊ नका. सरकारने त्या खुर्चीत माणूस नेमेपर्यंत तिथे बसायचं काम आपलंच आहे.